काळ्या पुंड्याचं माहेर

कलकत्त्याहून येणारं माणूस रसगुल्ल्यांचं मडकं घेऊन येईल अशी घरच्यांची अपेक्षा असते. मी परत आले ती लोणच्याची बरणी घेऊन, आणि तिच्यात लोणचंही नव्हतं. त्या बरणीत काय होतं आणि ते तिथे कसं गेलं, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता एकदाचं लिहून टाकते. ज्यांनी कलकत्ता पाहिलेलं नाही त्यांना थोडं कलकत्ताही दिसेल. मात्र मी ते शहर पाहिलं ते बराच वेळ अर्ध्या झोपेत असल्यासारखं, तेव्हा रस्त्यांची नावं आणि पुलाची लांबी मला विचारू नका.

आधी मी तिकडे कडमडले कशाला, ते सांगते. नगर जिल्ह्यातल्या एका ऊस-संशोधन केंद्रावर मी नोकरी करते. आमचं काम म्हणजे उसांची लग्नं लावणं. उसाला तुरा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तुरा आला की ऊस आतून पोकळ पडायला लागतो आणि गोडी उतरते. आम्ही मात्र तुरा दिसला की हरखून जातो. पहाटे एका जातीच्या तुऱ्यावरचा पराग दुसऱ्या जातीच्या तुऱ्यावर झटकायचा, वर मलमलीची पिशवी बांधायची, आणि धुळीसारखं बारीक बी धरलं की ते पेरायचं. त्यातून शेकडो रोपं उगवतात आणि त्यातलं एखादंच गोड निघतं. कधी तेवढंही निघत नाही.

आमच्या केंद्राचे प्रमुख केळकरसाहेब. त्यांनी वीस वर्षं खपून एक ऊस वाढवला होता. पाणी कमी पडलं तरी तो उभा, रोगाला दाद देत नाही, वाऱ्यात लोळत नाही. कारण दोन पिढ्यांमागे त्याच्या घराण्यात काश आलेलं आहे. काश म्हणजे नदीकाठी माजणारं, पांढऱ्या तुऱ्यांचं रानगवत. काटकपणा त्याच आजीकडून आला, पण पाणचट रसही तिच्याकडूनच आला. आमच्या मजुरांनी त्या उसाचं नाव ठेवलं होतं रांगडा. रांगड्याच्या पोटी साखर आणायची तर एखाद्या जाड, रसाळ, खानदानी गोड उसाशी त्याचा संबंध जुळवायला हवा होता. आमच्या भागात पूर्वी काळा पुंड्या म्हणून तसा ऊस होता. मनगटाएवढा जाड, जांभळट काळा, आणि खाल्ला की ओठ चिकटायचे. पण कूज आली आणि तो मुळासकट गेला.

मग कुणाच्या तरी जुन्या पत्रातून कळलं की कलकत्त्याला, नदीपलीकडच्या एका सरकारी बागेत काळ्या पुंड्याचं एक बेट, एका बुंध्यातून फुटलेला उसांचा झुपका, अजून जिवंत आहे. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. ते कधी भावनेने बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "शालिनीबाई, स्थळ कलकत्त्याचं आहे. मुलगी घेऊन या. आता लावली तर पुढच्या कार्तिकात तुरा धरील. पुढचा कार्तिक माझा शेवटचा, त्यानंतर पेन्शन."

नाव पुंड्या असलं तरी या लग्नात तो वधू होता, कारण पराग रांगड्याचा घ्यायचा होता. अठ्ठावीस वर्षांची बिनलग्नाची बाई दुसऱ्याची वधू आणायला निघाली म्हणून सगळं ऑफिस हसलं. हसोत बापडे. मी ट्रंक भरली आणि उसाच्या रसाची गोडी मोजायची पितळी नळी रुमालात गुंडाळून बरोबर घेतली.

नवमी

गाडीतली धूळ आणि पुऱ्या यांचं वर्णन करत नाही. जाग आली ती शेवटच्या सकाळी. खिडकीबाहेर रुळांच्या दोन्ही अंगांना काश उभं होतं. दसऱ्याच्या सुमाराला ते भरात असतं म्हणतात. मी गेले तेव्हा बहर ओसरला होता, तुरे विरले होते, आणि गाडीच्या वाऱ्याने त्यांचा कापूस सुटून डब्यात येत होता. त्या कापसाची एक म्हातारी माझ्या मांडीवर येऊन बसली. बाहेर धुकं, मध्येच एखादं तळं, तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली बाई, पुन्हा काश. समोरचे बंगाली गृहस्थ म्हणाले, पूजा संपली, आता हे असंच उदास दिसणार. मला ते उदास वाटलं नाही. ज्या आजीचं नाव आयुष्यभर वहीत लिहिलं ती आजी पहिल्यांदा माहेरी भेटावी तसं मला झालं. मी खिडकीतून हात बाहेर काढला होता, आणि गृहस्थांनी तो काळजीने आत घ्यायला लावला.

हावड्याला वसंतदादा घ्यायला आला होता. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. टपाल खात्यात आहे, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन तिकडे गेला. बेहाल्याला त्याचं भाड्याचं घर आहे. पुढे दोन खोल्या, मागे फरसबंदी अंगण, अंगणात पाण्याचा हौद आणि एका जुन्या डब्यात तुळस. मालतीवहिनीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाच मिनिटांत माझ्या पगारापासून वजनापर्यंत सगळं विचारून घेतलं, कामाचं तेवढं सोडून. तिची सात वर्षांची रेणू माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, मी पाणी खाल्लं." बंगालीत पाणी खातातच, आणि पोरगी तीन वर्षांत मराठीतही खायला लागली होती. वहिनी म्हणाली, हसू नकोस, अजून दोन वर्षं इथे राहिलो तर मीही खाईन.

संध्याकाळी दादाने रसगुल्ले आणले. रेणूच्या हट्टापायी मी पाकाचा एक थेंब नळीच्या काचेवर टाकला आणि तिला उजेडाकडे धरून बघायला लावलं. आत उजळ आणि काळोख यांच्या मध्ये एक रेघ दिसते. रस जितका गोड तितकी रेघ वर चढते. पाकाची रेघ काचेच्या वर निघून गेली. रेणूने मग चहा, डाळीचं पाणी, आणि गुपचूप स्वतःची थुंकीसुद्धा मोजून पाहिली.

दशमी

बागेत जायला नावेतून नदी ओलांडावी लागते. हुगळीला नदी म्हणायला माझी जीभ वळत नाही. आमच्या नद्या कार्तिकात गुडघ्याएवढ्या होतात आणि पोरं त्यात म्हशी धुतात. हे पाणी मातकट, अफाट, आणि सकाळच्या धुक्यात त्याला पलीकडचा काठच नव्हता. वल्ह्यांचा आवाज, कुठूनतरी गिरणीचा भोंगा, आणि पाण्यावरून वाहत जाणारं झेंडूचं निर्माल्य. मी डोळे मिटले ते मिटलेच. नावाड्याने पैसे मागितले तेव्हा काठ आला होता.

बागेत हरिपदबाबू भेटले. उसाच्या तुकड्याची राखण त्यांच्याकडे, तीसेक वर्षं तरी. लहानखुरे, पांढऱ्या मिशांचे, धोतराचा सोगा खिशात खोचलेला. त्यांना थोडं हिंदी येत होतं, मला थोडं बंगाली समजत होतं, आणि ऊस दोघांनाही कळत होता, त्यामुळे अडलं नाही. त्यांनी मला तुकड्याच्या टोकाशी नेलं. मी बेट बघायला गेले होते, आणि तिथे उभे होते तीन ऊस. बाकीचे पावसात तुंबलेल्या पाण्याने गेले, काही कोल्ह्यांनी खाल्ले. तिकडे कोल्हे उसाला फार सोकावलेले असतात. बुंधा वाळवीने पोखरला होता, तो नेण्यात अर्थ नव्हता. आणि येत्या सोमवारी सगळा तुकडा नांगरून तिथे ताग लावायचा होता. देशाचे दोन तुकडे झाले त्यात तागाची शेतं सीमेपलीकडे गेली आणि तागाच्या गिरण्या अलीकडे राहिल्या. तेव्हा आता जिथे वीतभर जमीन मिळेल तिथे ताग. हरिपदबाबू हे सांगताना रागावले नव्हते. ते म्हणाले, सरकारला दोर हवेत, गोड काय, कुठूनही येतं.

मी सुईने एका उसाला टोचून थेंब काढला आणि नळीत पाहिलं. रेघ इतकी वर होती की मी काच पुसून पुन्हा पाहिलं. मग नळी त्यांच्या हातात दिली. तीस वर्षं तो ऊस राखला, पण त्याची गोडी अशी डोळ्यांनी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते बराच वेळ नळी डोळ्याला लावून उन्हाकडे तोंड करून उभे राहिले. नंतर हळूच म्हणाले की पुंड्र म्हणजे हाच आमचा उत्तर बंगाल, जुन्या पोथ्यांतला. या उसाचं नाव त्या देशाचं आहे. तुमच्याकडे ही सासरी गेली होती. आता पुन्हा पाठवणी.

दोन ऊस देतो, एक इथे कुंपणाशी लपवून लावतो, असं त्यांनी ठरवलं. रात्रभर मुळाशी पाणी देतो, उद्या सकाळी या, तहानलेला ऊस कापू नये, म्हणाले. त्यांचा हा नियम मला आवडला आणि मी तो इथेही लागू केला आहे.

एकादशी

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऊस जमिनीलगत कापले, शेंड्याचे वाढे उतरवले आणि ओल्या गोणपाटात बांधले. लावणीच्या कांड्या तिथेच करायच्या नव्हत्या, कारण ऊस अखंड असला की जास्त टिकतो. निघण्याच्या दिवशी कापून कोळशाच्या पुडीत भरायचं, असं मी योजलं होतं. काम झाल्यावर त्यांनी केळीच्या पानावर मुरमुरे आणि नारळाचे लाडू ठेवले. मी म्हटलं, "नको, आज एकादशी."

त्यांचा हात थांबला. माझ्या कपाळाकडे, मोकळ्या मनगटाकडे त्यांनी पाहिलं. घड्याळ सोडलं तर मी हातात काही घालत नाही, परागाच्या कामात बांगड्या आड येतात. "आहा रे," एवढंच ते म्हणाले. मग उठले, कुंपणाशी लावायला ठेवलेला तिसरा ऊस उचलला आणि माझ्या मोळीत बांधला. मी नको नको म्हणत होते, ते ऐकेनात. घाटापर्यंत पोचवायला आले आणि नावेत बसताना म्हणाले, "दिदि, फूल आलं की कळवा. बाकी काही नको."

आठ हात लांबीची मोळी घेऊन कलकत्त्यात फिरणं म्हणजे काय ते करून पाहावं. एस्प्लनेडला ट्राम बदलायची होती. कंडक्टरने आधी नाही म्हटलं, मग मोळीकडे निरखून पाहिलं आणि उतारूंना सरकायला सांगितलं. मोळी खिडक्यांच्या कडेने आडवी राहिली आणि सहा माणसांनी ती मांडीवर घेतली. एका म्हाताऱ्या बाबूंनी भाव विचारला. विकायचा नाही म्हटल्यावर, मग कुठे नेता, असं विचारलं. नगरला, म्हटलं. त्यावर ट्रामभर चर्चा झाली की नगर कुठे आहे. बाहेर दुपार सोनेरी झाली होती, मैदानात गुरं बसली होती, आणि ट्राम इतकी सावकाश डुलत चालली होती की मला वाटलं ही अशीच नगरपर्यंत जाईल.

घरी पोचले तेव्हा पोटात सकाळच्या एका केळ्याखेरीज काही नव्हतं. वहिनीने साबुदाण्याची खिचडी पुढे केली आणि मी लाडू नाकारल्यावर हरिपदबाबू कसे बघत राहिले ते सांगितलं. वहिनी हसत सुटली. अगं, इथे एकादशी फक्त विधवा करतात, म्हणाली. मी पहिल्या वर्षी केली तर शेजारच्या काकू रडायला आल्या, नवरा जिवंत असताना असं अभद्र काय करतेस म्हणून. तुला त्यांनी बालविधवा ठरवली.

इथवर ठीक होतं, तिसऱ्या उसाचं कोडं सुटलं आणि मीही हसले. पण वहिनी थांबली नाही. लोक विधवा समजायला लागले, आता तरी मनावर घे, म्हणाली. इथे बँकेत एक मुलगा आहे, आपल्यातलाच, उद्या तुळशीच्या लग्नाला येणार आहे, बघून तरी घे. माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं की मी कलकत्त्याला कामासाठी आले, बाजारात मांडायला नाही. खिचडी तशीच टाकून उठले. अंगणात हौदाशी मोळी उभी केली, गोणपाटावर पाणी मारलं, आणि दादाला सांगितलं की हे बेण्याचे ऊस आहेत, याला कुणी हात लावायचा नाही, वहिनीला सांग. ती समोर स्वयंपाकघरात होती. चार पावलं जाऊन मीच सांगायला हवं होतं, पण नाही सांगितलं. तोंड फिरवून जाऊन झोपले.

द्वादशी

सकाळी वहिनी उठायच्या आत मी बाहेर पडले. लाकडी पेटी आणि कोळशाची पूड सियालदहच्या घाऊक बाजारात मिळेल असं दादाने सांगितलं होतं. तिथे जायला स्टेशनावरून वाट होती, आणि स्टेशन म्हणजे एक गाव झालेलं. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेली कुटुंबं फलाटावर, भिंतीशी, जिन्याखाली संसार मांडून होती. साड्यांचे पडदे, विटांच्या चुली. एका म्हातारीशेजारी मी पुडीचं पोतं टेकून श्वास घ्यायला बसले. तिने विचारलं, काय आहे. मी उघडून दाखवलं, म्हटलं उसाचे डोळे जपायला. तिला ते लगेच पटलं. तिने पदराची गाठ सोडून मला दुधी भोपळ्याच्या बिया दाखवल्या, सोडून आलेल्या अंगणातल्या, खुलनेच्या. चार बिया. जमीन मिळाली की लावणार होती. कधी मिळेल, मी विचारलं. ती माझ्याकडे पाहून नुसती हसली आणि गाठ पुन्हा बांधली. मी तिथे किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. गाड्या येत होत्या, माणसांचे लोंढे आमच्या दोघींच्या बाजूने वाहत होते, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

बेहाल्याला परतले तेव्हा दिवे लागले होते. लांबूनच मंगलाष्टकं ऐकू आली. कलकत्त्यात मराठी घरं थोडी. पण तुळशीच्या लग्नाला वहिनीकडे पंचवीस-तीस माणसं होती, कुणी पिढीजात तिकडचीच, कुणी दादासारखी बदलीची. अंगणात शिरले तर सगळं आटोपलं होतं. तुळशीला हळदीचं बोट, चुड्याच्या हिरव्या बांगड्या, समोर चिंचा-आवळे. मंडळी चटयांवर बसून प्रसाद खात होती. ऊस खात होती. काळा, जाड, रसाळ ऊस.

मी हौदाकडे पाहिलं. गोणपाट नीट घडी करून वाळत घातलं होतं.

वहिनी लगबगीने आली. माझा हात धरून सगळ्यांसमोर नेलं आणि सांगायला लागली की हीच ती, माझी नणंद. काल रागावून झोपली, पण मांडवासाठी ऊस आणायला विसरली नाही. इथे कार्तिकात धड ऊस मिळत नाही, आम्ही तीन वर्षं काड्यांचा मांडव करतोय, आणि हिने नदीपलीकडून, ट्रामने, कुणाला न सांगता आणले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने माझ्यासाठी राखून ठेवलेली एक सोललेली गंडेरी माझ्या हातावर ठेवली.

दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो सकाळी घाईत ऑफिसला गेला होता आणि सांगायचं विसरला होता.

मला ओरडता आलं असतं. पण ओरडायचं कुणावर? तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मराठी पाहुणी तीन उत्तम ऊस आणून अंगणात उभे करते, त्याचा दुसरा अर्थ कुठल्या मराठी बाईने काढावा? मी मटकन खाली बसले. कसंबसं सांगितलं, हे बेणं होतं वहिनी. जगात एवढंच होतं. आमचे साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. आणि मग मला रडू फुटलं, पंचवीस माणसांसमोर, बँकेतल्या मुलासकट.

कुणी चावायचं थांबलं, कुणी तोंडातला चोथा हातात घेऊन बसलं. वहिनी माझ्यासमोर उकिडवी बसली. मग तिने विचारलं, "बेणं म्हणजे नक्की काय लागतं? रस लागतो?"

मी म्हटलं, रस नको. पेरावर डोळा असतो, कोंब तिथून फुटतो, तेवढा हवा.

"पेरं मी कापून काढलीत," ती म्हणाली. "पोरांच्या दातांना लागतात म्हणून. टोपलीत टाकलीत." आणि मग तिचा आवाज चिरकला. "टोपली गाईला पाठवली."

गल्लीच्या टोकाला गवळ्याचा गोठा होता आणि वहिनी भाजीची साल रोज तिथे पाठवायची. त्यानंतर जे झालं ते कलकत्त्याच्या मराठी मंडळींत अजून सांगतात म्हणे. जरीच्या साड्या आणि कोट-टोप्या घातलेली पंचवीस माणसं कंदील घेऊन गल्लीतून पळाली. गाय निवांत रवंथ करत होती. ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये, ही म्हण तिला कुणी शिकवली नव्हती. गव्हाणीत जे उरलं होतं त्यात आम्ही हात घातले. वहिनी नऊवारीचा ओचा खोचून गाईच्या तोंडापाशी बसली होती आणि गाईच्या जिभेखालून पेरं ओढून काढत होती. प्रत्येक पेर मी कंदिलाशी धरून बघत होते. हा डोळा ठेचलेला, हा विळीने कापलेला, हा चावलेला. धड डोळे निघाले नऊ.

घरी येऊन वहिनीने लोणच्याची बरणी रिकामी केली, उकळत्या पाण्याने धुतली, चुलीशी वाळवली. मी ओलसर पुडीत डोळे ठेवायला लागले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "सगळे नेऊ नकोस. पाच तू ने, चार मला दे. लग्न माझ्या अंगणात लागलंय, निस्तरणंही माझंच." तिने चार डोळे तुळशीच्या बुंध्याशी, त्याच डब्यात, हळदीकुंकवासकट मातीत पुरले. मला तिचा भरवसा वाटला नाही. खरं सांगायचं तर तिच्याकडे बघवतही नव्हतं.

परत

पाचही डोळे कुजले. नुसतं पेर दोन दिवसांच्या प्रवासात तग धरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी महिनाभर रोज सकाळी वाफ्याशी जाऊन बसत होते. साहेबांनी बरणी स्वतः धुतली आणि आपल्या खोलीतल्या फळीवर, पराग ठेवायच्या बाटल्यांशेजारी ठेवली. मला रागावले असते तर बरं झालं असतं. वहिनीची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. लाज होती आणि रागही होता, दोन्ही सारखेच.

फाल्गुनात एका दुपारी केंद्राच्या फाटकाशी एस.टी. थांबली आणि वहिनी उतरली. एका हाताला रेणू, दुसऱ्या कडेवर, मूल घ्यावं तसा, तुळशीचा डबा. वर साडीच्या पदराने झाकलेला. माहेरी कुणाची मुंज होती म्हणे, पण मुंज पुण्याला होती आणि ती आधी इकडे आली होती. दोन रात्री तिने डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. रेणूने सांगितलं की आईने खिडकीची जागा डब्याला दिली आणि स्वतः आत बसली. डब्यात तुळस होतीच, आणि तुळशीच्या बाजूला गुडघ्याएवढा, जांभळट देठाचा एकच कोंब होता.

"चारांतले तीन गेले," वहिनी म्हणाली. "ही राहिली. घ्या तुमची मुलगी."

मी वाकून तिच्या पाया पडले, तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. साहेब खोलीतून अनवाणीच आले. डब्याशी उकिडवे बसले, पानाखाली बोट घालून देठ पाहिला. मग आत जाऊन ती बरणी घेऊन आले आणि वहिनीच्या हातात दिली. आत त्यांनी काठोकाठ गूळ भरला होता.

या कार्तिकात त्या कोंबाच्या बेटाला तुरा आला, एकच. परवा पहाटे, दव सुकायच्या आत, आम्ही शिडी लावली. रांगड्याचा तुरा साहेबांनी कापून आणला होता, आणि झटकायला तो माझ्या हातात दिला. पराग पिवळ्या धुरासारखा काळ्या पुंड्यावर उतरला आणि क्षणभर हवेत तसाच राहिला. मी पिशवी बांधली. गोड काय निघेल, निघेल की नाही, ते कळायला अजून दोन-तीन वर्षं लागतील. नळीत रेघ बघायला साहेब नोकरीत नसतील. ते म्हणाले, मी गावातच आहे, मला हाक मारा.

त्याच दुपारी वहिनीचं पत्र आलं. लिहिलं होतं, यंदा अंगणात ऊस आणायचा मला धीर झाला नाही. यांनी रुळांच्या कडेचं काश कापून आणलं, वाळलेलं, तुऱ्यांसकट, आणि त्याचाच मांडव केला. तुळशीला राग आला नसेल ना?

मी ते साहेबांना वाचून दाखवलं. ते हसले, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, "म्हणजे लग्नाला आजी उभी होती."

संध्याकाळी मी हरिपदबाबूंना कार्ड लिहिलं. बंगाली अक्षरं विचारून घ्यायला इथे कुणी नाही, म्हणून हिंदीत लिहिलं. मी विधवा नाही, तिसरा ऊस तुम्ही चुकून दिलात, आणि तगलेला एकुलता एक डोळा कदाचित त्याचाच. त्याखाली, त्यांनी मागितलं होतं तेवढंच लिहिलं: फूल आलं.